लिनक्स प्रसन्न

शनिवार, २० ऑक्टोबर २००७. अंकुशनगर.

आज खंडेनवमी. अण्णांचा ट्रॅक्टर, आईची शिलाई मशीन आणि माझा कॉम्प्युटर यांची पूजा झाली. आईने कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावले आणि पाणी शिंपडायला तांब्या उचलला, तो मी वरच्या वर धरला. ती म्हणाली, "मंग देवाला काय कोरडीच पूजा?" मी म्हणालो, वीज आहे आत. तिने पाणी उंबऱ्यावर शिंपडले.

उसाच्या ट्रॉल्यांवर नावे लिहिणारा संपत पेंटर आला होता. अण्णांनी ट्रॅक्टरवर 'खंडोबा प्रसन्न' नव्याने काढून घेतले आणि त्याला म्हणाले, "पोराच्या डब्यावर बी लिही काहीतरी." संपतने विचारले, "याच्यात देव कोणता असतो?" अण्णांनी घरात हाक मारून मला विचारले, "मच्छ्या, तू नवीन काय टाकलंस रे त्याच्यात?" मी आतूनच म्हणालो, लिनक्स. नारळ घेऊन बाहेर येतो तर डब्याच्या पुढच्या बाजूला लाल ऑइलपेंटने 'लिनक्स प्रसन्न' लिहून झालेले, अक्षरांना पिवळी सावलीसुद्धा. आधी हवा जाण्याची भोके तपासली, एकही बुजलेले नाही. राहू दिले.

सिस्टीम का बदलली तेही लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि लग्नपत्रिकांच्या बेचाळीस फायली गेल्या. सिस्टीम पुन्हा टाकली, पुन्हा तेच. मग मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकले. अकरा पाने माहिती आधी वहीत उतरवली, मगच बटण दाबले. त्यात मराठी सरळ टाइप होते, वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. डबा उघडला नाही. मागचे सील शाबूत आहे.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

साडेदहाला लाइट आली. मॉनिटर लागला नाही. हिरवा दिवा लागतो, आत टक असा आवाज होतो आणि दिवा विझतो. डब्याचा पंखा फिरतो. केबल बदलून पाहिली. शेवटी शाळेतल्या गुरुजींच्या घरी नेऊन त्यांच्या कॉम्प्युटरला लावला, तिथेही तसेच. त्यांचा मॉनिटर माझ्या डब्याला लावला तर चित्र आले. म्हणजे दोष मॉनिटरमध्येच.

गुढीपाडव्याला घेतला. वॉरंटी तीन वर्षांची. काळजीचे कारण नाही. तरी दुपारी भाकरी गेली नाही.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

जिथून घेतला त्या दुकानाने फोनवर पूर्ण सेट आणायला सांगितला होता. गोधडीत गुंडाळून एसटीने जालन्याला नेला. मस्तगडातल्या दुकानात पोहोचायला बारा वाजले.

दुकानाचे मालक सर्जेराव शेट. गोधडी सोडली तशी त्यांनी लाल अक्षरे मोठ्याने वाचली. दुकानात चारपाच माणसे होती, सगळी हसली.

"हे कोणतं नवीन दैवत म्हणावं?"

"शेट, सिस्टीमचं नाव आहे ते."

"म्हंजे आम्ही दिलेली काढून टाकली?"

"हो."

"मंग संपलं. वॉरंटी गेली."

मी म्हणालो, बिघडलाय मॉनिटर, सिस्टीम तर डब्यात आहे. ते म्हणाले, "त्याच्यानंच बिघडला. फुकटची सिस्टीम उलटासुलटा सिग्नल फेकती, पडदा जळून जातो. इंजिनेर आम्ही का तू?" कान गरम झाले.

मी गोधडी बांधत होतो तेव्हा दुकानाचा दुरुस्तीवाला अलीम जवळ येऊन बसला. पस्तिशीचा, कानावर पेन्सिल. हळूच म्हणाला, "भाऊ, घरी जाऊन रॉकेलचा बोळा फिरव याच्यावर. आठ दिसानं ये, पण नुसता मॉनिटर आण. डबा आणूच नको. जल्दी कर."

मी म्हणालो, "का पुसू? चोरी केली का मी?"

"तेरी मर्जी," म्हणाला आणि आत गेला.

आमच्या अण्णांनी हौसेने काढून घेतलेली अक्षरे याला घाण वाटतात. मालक तरी तोंडावर बोलतो. हा कानात येऊन अपमान करतो.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

खरेच माझ्याने जळाला असेल काय? मासिकातले मॉनिटरचे पान पुन्हा काढले. फार जुन्या मॉनिटरला चुकीचा आकडा दिला तर इजा होऊ शकते असे एका ओळीत लिहिले आहे. नवे मॉनिटर असा सिग्नल आला तर पडद्यावर सूचना दाखवतात. माझा नवा आहे. सूचना कधी आली नाही. आणि तो ऑक्टोबर आणि नोव्हेंबर जवळजवळ पूर्ण नीट चालला. पण मी दहावीला इंग्रजीत दोनदा बसून दोनदा नापास झालेला माणूस. मला कळले ते बरोबर कशावरून?

अण्णा कारखान्यावर ऊस टाकून आले. जेवताना सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ट्रॅक्टरवर माझ्या जागी दुसरा डायव्हर बसला, तर टायरची गॅरंटी जाती का रं?"

"न्हाई."

"मंग जेव."

रविवार, २ डिसेंबर

गुरुजींकडून शब्दकोश आणला आणि वॉरंटीचे कार्ड सकाळपासून मराठीत उतरवत बसलो. मागची बाजू सगळी बारीक इंग्रजीत आहे. एकोणीस ओळी. चार वाजले.

वॉरंटी कशाने जाते ते बाराव्या ओळीपासून आहे. वस्तू पडल्यास, पाणी गेल्यास, सील फाटल्यास, अनधिकृत माणसाने उघडल्यास, विजेचा दाब बेसुमार झाल्यास. माझ्याकडे स्टॅबिलायझर आहे. पाणी नाही, पाडले नाही, सील आहे.

सतराव्या ओळीने घाम फोडला. तिच्यात सॉफ्टवेअर हा शब्द आहे. एकेक शब्द लावून तीन वेळा उतरवली. अर्थ असा होतो: सॉफ्टवेअरची जबाबदारी या वॉरंटीत नाही. म्हणजे सिस्टीम बिघडली तर ते दुरुस्त करून देणार नाहीत. बरोबर, मी मागितलेच कुठे आहे? सॉफ्टवेअर बदलले तर बाकीची वॉरंटी जाईल, असे त्या ओळीत नाही. वरच्या ओळीत नाही, खालच्या ओळीत नाही. गुरुजींना दाखवली. ते चष्मा काढून म्हणाले, "तू उतरवलंय तेच आहे."

मी दोनदा नापास झालो ते खरे. पण हे कार्ड सर्जेराव शेटने एकदाही वाचलेले नाही, हेही तितकेच खरे.

शुक्रवार, ७ डिसेंबर

पुन्हा जालना. डबा मुद्दाम बरोबर नेला. अक्षरे पुसली नाहीत.

शेटसमोर कार्ड ठेवले, माझे मराठी उतरवलेले पान ठेवले आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी पान उचललेही नाही. "कार्ड कार्डाच्या जागी. धंदा आम्ही करून राह्यलो. ग्राहकाला नाराज करायचं न्हाई म्हणून एक करतो." त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले: 'मी माझ्या चुकीने, दुसरी सिस्टीम टाकून, मॉनिटर खराब केला आहे. दुकानाने मेहेरबानी म्हणून दुरुस्त करून द्यावा.'

"कर सही. पंधरा दिसात मॉनिटर घेऊन जा."

मी म्हणालो, "यातलं एकही वाक्य खरं न्हाई."

"अरे, तुला मॉनिटर पायजे का खरं पायजे?"

"दोन्ही."

शेट हसले आणि जेवायला गेले. जाताना म्हणाले, "बस. इचार कर."

मी बाकावर बसणार तेवढ्यात अलीम म्हणाला, "इथं न्हाई, गिऱ्हाईक येतेत. आत बस." मला मागच्या खोलीत नेऊन एका उलट्या खोक्यावर बसवले. पंखा नाही, सगळीकडे धूळ. पूर्ण दोन तास. या काळात तो दोनदा आला. एकदा ट्यूबलाइट लावून गेला: "अंधारात काय बसलास." दुसऱ्यांदा समोरच्या मांडणीवरचे फडके ओढून काढले आणि झटकले, ती सगळी धूळ माझ्या अंगावर. फडके परत टाकायचेही विसरला.

मांडणीवर पाच मॉनिटर होते, दुरुस्तीला आलेले, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. दुसरे काहीच करण्यासारखे नव्हते म्हणून वाचत बसलो. पाचही माझ्याच मॉडेलचे. मंठा, परतूर, हसनाबाद, बदनापूर, अंबड. पाचही चिठ्ठ्यांवर तक्रार: 'हिरवा दिवा लागून विझतो, टक आवाज.' सिस्टीम: 'दुकानाचीच.' नंबरही माझ्या नंबरच्या मागेपुढे. मी वही काढून पाचही चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवल्या. अक्षर सुबक होते, वाचायला त्रास झाला नाही. ते अक्षर अलीमचे. एवढी एक गोष्ट त्याच्याबद्दल चांगली लिहिता येईल.

तो तिसऱ्यांदा दारात आला तेव्हा मी विचारले, "यांनी पण लिनक्स टाकलं होतं का?"

"मला काय इचारतो? मी चिठ्ठी लिहिणारा. वाचणारा तू."

उर्मट.

शेट आले. मी सही केली नाही. सामान उचलले आणि निघालो.

सोमवार, १० डिसेंबर

कंपनीला आणि दुकानाला रजिस्टर पत्र पाठवले. प्रत्येकी तीन पाने, हाताने लिहिलेली. पाचही नंबर घातले. ज्यांनी सिस्टीम बदलली नाही त्यांचाही मॉनिटर तसाच कसा बिघडला, एवढाच प्रश्न विचारला. हे मला कसे सुचले याचे मलाच नवल वाटते. दोन तास धुळीत बसवले ते माझ्या पथ्यावर पडले.

बुधवार, १९ डिसेंबर

माझे टायपिंगचे दुकान बंद ठेवलेले नाही. पाटीवरच्या 'कॉम्प्युटर टायपिंग'वर कागद चिकटवला आणि लिहिले: 'अर्ज सुवाच्य हस्ताक्षरात लिहून मिळतील.' उसाचा हंगाम जोरात आहे. तोडणीवाले येतात, मुलांच्या वसतिगृहाचे अर्ज, रेशनकार्डाचे अर्ज. काल सोळा झाले. बोटाला घट्टा पडला. लग्नपत्रिकांची दोन कामे मात्र अंबडला गेली.

आई रोज तेच काढते. "एक सही तर करायची. तुझा बाप अंगठा लावून लावून म्हातारा झाला, त्याचं काय बिघडलं?"

"अण्णांना वाचता येत न्हाई, आई. मला येतं."

ती आत निघून गेली. मला वाईट वाटले. पण शब्द मागे घेतला नाही.

मंगळवार, ८ जानेवारी २००८

कंपनीचे उत्तर आले, दोन ओळींचे: आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेत्याचे उत्तर नाही.

आज जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. वकील लागत नाही, हे तिथल्या भिंतीवरच लिहिलेले होते. कारकुनाने पाने चाळून विचारले, "कुणी लिहून दिलं?" मी म्हणालो, मीच. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. तो आवाज अजून कानात आहे.

जाताना मस्तगडातून गेलो. दुकानात दुरुस्तीला दुसराच माणूस दिसला. शेजारच्या चहावाल्याला विचारले. तो म्हणाला, "अलीमला काढलं शेटनं. नऊ वर्सं होता. आतलं बाहेर सांगतो म्हणून काढलं."

मला त्याची दया यायला पाहिजे होती, तेवढी आली नाही. असली माणसे कुणाला ना कुणाला काहीतरी सांगत असणारच. मला मात्र त्याने एक अक्षर सांगितले नव्हते. जे केले ते मीच केले.

गुरुवार, २४ जानेवारी

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

अकरा वाजता माझ्या दुकानासमोर जीप थांबली. सर्जेराव शेट स्वतः उतरले. ड्रायव्हरने मागून एक नवा खोका आणून माझ्या टेबलावर ठेवला. त्याच मॉडेलचा मॉनिटर, कोरा, पट्टीसुद्धा फाडलेली नाही. अर्जासाठी आलेले तिघे बाकावर होते. आई चहा घेऊन आली आणि खोक्याकडे बघत उभीच राहिली.

शेट गोड बोलत होते. "मच्छिंद्रभाऊ, कशाला मंचाच्या पायऱ्या झिजवायच्या? बारा फेब्रुवारीची तारीख लागली म्हणं. हे घ्या, आत्ता लावून देतो. सिस्टीम तुमची तुम्हाला लखलाभ. तो आधीचा कागद बी नको मला."

खिशातून त्यांनी दुसराच कागद काढला. टाइप केलेला होता. दोन वाक्ये: 'मी माझी तक्रार मागे घेत आहे. दुकानातील मॉनिटरचे नंबर मला दुकानाचा नोकर अलीम याने दिले.'

"शेट, मला त्याने दिले न्हाईत. मी वाचून लिहिले."

"तुला मागं नेऊन बसवलं कोणी?"

ट्यूबलाइट. फडके. वाचणारा तू. मला सगळे एकदम दिसले. त्याच्या आधीचा रॉकेलचा बोळासुद्धा. नुसता मॉनिटर आण म्हणाला होता. नुसत्या मॉनिटरवर सिस्टीम कुठे लिहिलेली असते?

शेट माझ्या तोंडाकडे बघत होते. "बोल की. त्याचा नऊ वर्सांचा हिशोब मागाया आलाय तो माझ्याकडं, ल्येबर हापिसात गेलाय. तुझ्या एका सहीनं त्याचं तोंड बंद होतंय अन् तुझं काम बी होतंय."

मी म्हणालो, "कुणी न्हाई बसवलं. पुढं गर्दी होती. मीच आत जाऊन बसलो."

हे खोटे होते. इथे लिहून ठेवतो. मागच्या पानावर सर्जेराव शेटच्या खोट्याबद्दल मी बरेच काही लिहिले आहे, म्हणून माझे लपवणार नाही. पुन्हा विचारले तर पुन्हा बोलेन.

"सही करत न्हाईस?"

"न्हाई."

"अन् हा?" त्यांनी खोक्यावर थाप मारली.

आईच्या हातातला कप बशीत वाजत होता. मी खोका उचलला. जड होता. बाहेर नेऊन जीपच्या मागच्या सीटवर ठेवला, आडवा पडू नये म्हणून शेजारी टायर लावून दिला. वस्तूचा काय दोष.

शेट जीपमध्ये बसले. "मंग बस हातानं खरडत."

"बसलोय की," मी म्हणालो. बाकावरचा एक तोडणीवाला मोठ्याने हसला. आवाज थरथरेल असे वाटले होते, थरथरला नाही. जीप गेल्यावर आई म्हणाली, "च्या निवला. दुसरा करते." सहीचे नाव तिने काढले नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

दुकान उघडून बसलो होतो. समोर सायकल लागली आणि अलीम आत आला. जालन्याहून अंबडपर्यंत बसने आणि पुढे कुणाची तरी सायकल मागून. कानावर पेन्सिल नव्हती.

मी उठून उभा राहिलो. गेल्या दहा दिवसांत त्याला सांगायचे म्हणून पुष्कळ वाक्ये जुळवली होती. एकही आठवले नाही. मी म्हणालो, "पाणी घ्या."

"अर्ज लिहून मिळतेत म्हणं इथं," तो पाटीकडे बघत म्हणाला. "लिही. तुझ्या त्या मंचाला द्यायचा, माझ्या नावाचा, साक्षीचा. नोटरीकडं मी जातो उद्या."

"इथलं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेटच्या जीपवाल्यानं. खोका परत ठेवला अन् वरून टायर बी लावला म्हणं." तो हसायला लागला. "अरे बाबा, खोका ठेवून घ्यायचा असता अन् सही नसती करायची!"

हे मला सुचलेच नव्हते.

त्याला आत बसवले. आईने पोहे केले. मग तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. पाडव्याच्या त्या एका खेपेतले मॉनिटर कसे एकामागून एक येऊ लागले, आतला कोणता भाग फुगून जात होता, शेटला त्याने किती वेळा सांगितले, आणि कुणाला व्होल्टेज, कुणाला उंदीर, कुणाला सिस्टीम अशी कारणे सांगून गिऱ्हाइकांना कसे परत लावले. मंठ्याच्या माणसाने तर उंदीर लागल्याचे लिहूनही दिले होते.

चौथ्या परिच्छेदाला तो म्हणाला, "लिही. सात डिसेंबरला मच्छिंद्र कडूबा यांना मी मुद्दाम मागच्या खोलीत, त्या मॉनिटरसमोर बसवले."

मी पेन उचलून धरला. म्हणालो, "असं न्हाई लिहायचं. मी शेटला सांगितलंय की मीच जाऊन बसलो. हे लिहिलं की तुमच्या पैशाचं भांडण अडकंल. तो म्हणंल, बघा, कबूल केलं."

"तू खोटं बोलला?" त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "सतरावी लाइन वाला तू?"

"हो."

"कशाला?"

मी कागद सरळ केला. त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली.

"हे बघ, भाऊ. मी नऊ वर्सं चिठ्ठ्या लिहिल्या. बराबर लिहिल्या. कोणी वाचल्या न्हाईत, बांधून ठेवल्या. मला एक वाचणारा पायजे होता, तो मी नेऊन बसवला. आता मी लपू कशाला? लिही."

"निदान 'मुद्दाम' तरी काढू. नुसतं 'बसवले' लिहितो."

"मंग मजा काय राह्यली?"

मी पूर्ण वाक्य लिहिले. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. 'मुद्दाम' झाल्यावर म्हणाला, "जरा मोठं काढ ना ते."

मोठे काढले.